पट्टीचा रुपया न हलवता कोड आवरताना

लातूरच्या मोंढ्यातल्या एका अडत दुकानाचं पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीचं, सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं, तेही व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतलं. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळा हिशोब एकाच लांबलचक फंक्शनात कोंबलेला. मॉइश्चरची, म्हणजे मालातल्या ओलाव्यापोटीची, कपात नव्यानं टाकायची होती, पण ती घालावी कुठं हेच कळेना. म्हणून आधी रिफॅक्टरिंग, म्हणजे पट्टीवरचा आकडा तोच ठेवून आतली मांडणी सुधारायची. शेठ म्हणाले, "चालायलंय तर हात कशाला लावायलाव?" विचारणं रास्तच होतं.

कोड बरोबर चालतोय का हे आपोआप तपासणाऱ्या टेस्ट नावालाही नव्हत्या. मुनीमजींकडून गेल्या हंगामातले सोयाबीन-तुरीचे व्यवहार घेतले, जुन्या प्रोग्राममधून त्यांच्या पट्ट्या काढून टेक्स्ट फाइलमध्ये ठेवल्या. कोडमध्ये काहीही हललं की तेच व्यवहार परत चालवायचे आणि दोन्ही फाइली ताडायच्या. मग प्रत्येक मॉड्यूलच्या डोक्यावर 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' लिहिलं. ते नसलं की व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं तरी व्हीबी गुपचूप नवं, रिकामं व्हेरिएबल बनवतो. नावं बदलणं, तुकडे वेगळे काढणं हे त्यानंतरचं. एक छोटा बदल, ताडणी, मग गिट या बदल जपून ठेवणाऱ्या साधनात कमिट, म्हणजे त्या बदलाची नोंद. काम कंटाळवाणं, पण बिघडलं तर कुठं ते लगेच सापडतं.

खरी गंमत हमालीत निघाली. सोयाबीन आणि तुरीचे तुकडे अगदी सारखे दिसत होते. एकत्र करायचा मोह कुणालाही झाला असता. ताडणीत मात्र काही पट्ट्या रुपयानं हलल्या. रक्कम पूर्ण रुपयात आणायला सोयाबीनला 'राउंड' होतं, तुरीला 'फॉरमॅट'. व्हीबी ६ मधलं 'राउंड' बरोबर पन्नास पैशांवर जवळच्या सम आकड्याकडे जातं: ६२.५० चे ६२, पण ६३.५० चे ६४. 'फॉरमॅट' ६२.५० चे सरळ ६३ करतं.

मी दोन्ही तुकडे तसेच वेगळे ठेवले. कुठला बरोबर हे ठरवणं रिफॅक्टरिंगमध्ये बसत नाही. मुनीमजींना विचारलं तर ते हसले, "पन्नास पैशाला वरचा रुपया हमालाचा. हातानं पट्टी लिहायचो तवापासून तसंच हाय."

मग सोयाबीनलाही तुरीसारखं वरच्या रुपयाला नेलं; तो बदल वेगळ्या कमिटमध्ये गेला. त्या वेळी ताडणीत फक्त पन्नास पैशांवर अडलेल्या सोयाबीनच्या पट्ट्या बदलल्या, त्याही मुनीमजींनी हातानं तपासल्या. मॉइश्चरच्या कपातीला आता स्वतःचं फंक्शन आहे.