शेजारी मेडिकलमध्ये भरती असेल तर

ख्रिस्ती माणसाचा विश्वास शेजाऱ्याला आजारपणात दिसतो. शेजारी मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात भरती झाला, तर आधी सोबतच्या नातेवाइकाला फोन करा: डबा किती जणांचा, पथ्य काय? विदर्भात मे महिन्यात पारा 45च्या आसपासही जातो. त्या नातेवाइकासाठी ताक न्याच, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. दहा मिनिटं बसा. प्रार्थना विचारूनच करा, हळू आवाजात, दोन-तीन वाक्यांत. उशाशी धर्मप्रचाराची पत्रिका ठेवू नका; खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही, भिडेखातर हो म्हणतो. प्रार्थनेला ‘नको’ म्हणाला, तरी उद्याचा डबा वेळेवर पोचलाच पाहिजे. मला हे प्रार्थनेइतकंच मोलाचं वाटतं. सुट्टी झाल्यावर पुढच्या तपासणीची तारीख विचारून ठेवा. ओपीडीच्या रांगेत सकाळी कोणीतरी लागतंच.