‘पाणी’ आणि ‘पानी’

“सर, आमच्याकडं असं न्हाई बोलत कोन.”

घोडबंदर रोडवरच्या सेटवर आज चहा देता देता स्पॉटदादा हळूच म्हणाला. सीनमध्ये मी कोल्हापूरकडचा शेतकरी. तो करवीर तालुक्यातला. आणि मीसुद्धा.

मुंबईत आलो तेव्हा पहिल्याच ऑडिशनला ऐकलं होतं, “भाषा स्वच्छ करून या.” मग रोज पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचायचो. प्रत्येक ‘ण’भोवती पेन्सिलीनं गोल. पानी, आनी, कोनी... जिभेवरून एकेक खरवडून काढलं.

आज दिग्दर्शकांनी तेच परत मागितलं. “जरा गावाकडचं येऊ दे.” ‘लई’ म्हणालो, ‘न्हाई’ म्हणालो. शब्द आले, हेल काही आला नाही.

जिथं बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, त्या कोल्हापूरच्या बोलीला अस्वच्छ म्हणणारे कोण? आणि मी ते मुकाट मान्य केलं, हे जास्त लागतंय.

पॅकअपनंतर आईला फोन लावला. मुद्दाम तिच्याच बोलीत बोललो.

ती जरा थांबली. म्हणाली, “शूटिंगातनं बोलतूयास व्हय रं?”