कार्डावरचे नाव

आज पिट्सबर्गमध्ये जुन्या बेसबॉल कार्डांच्या टेबलावरून बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटेचे 1965 चे कार्ड उचलले, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या त्याच्याच पोर्तो रिको बेटावरच्या आजी हळूच म्हणाल्या, "हे त्याचे नाव नव्हे."

कार्डाचे कोपरे झिजले होते, पण खाली छापलेली ‘बॉब क्लेमेंटे’ ही अक्षरे ठळक होती. 1955 च्या त्याच्या टॉप्स कंपनीच्या पहिल्या कार्डावर ‘रॉबर्टो’च आहे, पुढे अनेक वर्षे त्याचा इंग्रजी धाटणीचा ‘बॉब’ केला गेला आणि ते त्याला कधीच रुचले नाही.

3000 हिट्स (यशस्वी फटके) पूर्ण केल्यावर तीनच महिन्यांनी, 31 डिसेंबर 1972 रोजी, निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान समुद्रात कोसळून तो गेला. त्याची कार्डे मी वर्षानुवर्षे जिवापाड जमवली. नाव चुकीचे आहे हे ठाऊक असूनही ते आजवर टोचले नव्हते.

कार्ड घेतले. वहीत नोंद करताना कोणते नाव लिहावे?