पहिल्या पगाराआधीचे चार महिने

रविवारी सकाळी नऊ वाजले की आमच्या ओट्यावर चपला जमायला लागतात. सहा-सात मुली, तीन लॅपटॉप, आईने टाकलेली सतरंजी. चाळीसगावातल्या ह्याच घरातून मी 2012 मध्ये महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला गेले आणि आता इथूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. रविवार मात्र ह्या मुलींचा, डेटाबेसमधून हवी ती माहिती कशी काढायची ते शिकवायचा.

गेल्या महिन्यातली गोष्ट. आप्पांच्या ओळखीतल्या एका व्यापाऱ्याने खेडा खरेदीच्या, म्हणजे गावात जाऊन घेतलेल्या, कापसाच्या वजनाच्या काटापावत्या दिल्या होत्या. नावं बदलून मी त्यांची दोन टेबलं केली, एकात शेतकरी आणि त्यांची बँकखाती, दुसऱ्यात वजनं. एकूण कापूस काढा म्हटलं. पावत्यांची बेरीज 61 क्विंटल, आणि मुलींच्या क्वेरीचं, म्हणजे डेटाबेसला लिहून विचारलेल्या प्रश्नाचं, उत्तर 74.

अर्धा तास सगळ्या क्वेरीकडेच बघत होत्या. कंस मोजले, स्पेलिंग तपासलं. गिरणाकाठच्या एका गावातून येणारी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी तेवढी क्वेरी सोडून डेटा खाली सरकवत बसली होती. एकेका नावाखाली बोट ठेवत वाचत होती, तिची माय डायरीतला हिशोब वाचत असेल तशी. मग म्हणाली, "ताई, हाऊ माणूस दोनदा ई राहिना." हा माणूस दोनदा येतोय.

बरोबर होतं. त्या शेतकऱ्याची खाती दोन, जॉइन, म्हणजे दोन टेबलांची सांगड, लावलेला नावावर, त्यामुळे त्याचा 13 क्विंटल कापूस दोनदा मोजला गेला. तिने जॉइन नावावरून काढून पावतीवरच्या खातेक्रमांकावर लावला. 61.

इथे मला थांबून सांगायचं आहे. पाच-पाच वर्षं नोकरी झालेले लोक अशा वेळी वर एक डिस्टिंक्ट, म्हणजे सारख्या ओळी एकदाच धरायची सूचना, टाकून मोकळे होताना मी पाहिले आहेत. आकडा कमी होतो, बरं वाटतं. पण मग ज्याच्या दोन पावत्यांवर सारखंच वजन आहे, त्याची एक पावती गायब होते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. ह्या मुलीने चूक झाकली नाही, मुळाशी गेली. तिला हे जमलं, कारण गावात एकाच माणसाची दोन खाती असतात हे तिने घरी पाहिलेलं आहे.

हीच मुलगी कॅम्पसच्या मुलाखतीत जॉइनवर विचारल्यावर गप्प बसली होती. प्रश्न इंग्रजीत होता. मी तोच अहिराणीत, आमच्या बोलीत, विचारला तर तिने खडू घेऊन फरशीवर जॉइन काढून दाखवला. इंग्रजी शिकावंच लागेल, ते आम्ही दर रविवारी अर्धा तास करतोच, पण इंग्रजी अडलं म्हणून डोकं अडलं असं कुणी म्हणू नये.

मुलींना गणित झेपत नाही म्हणणाऱ्यांना मी पाटणादेवीला नेते. इथून अठरा-वीस किलोमीटर. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याचा शिलालेख तिथे आहे. आणि 1150 च्या सुमाराच्या त्यांच्या 'लीलावती'त कितीतरी गणितं "बाले" म्हणून एका मुलीलाच घातलेली आहेत. लीलावती नेमकी कोण, यावर वाद असू दे. प्रश्न तिला विचारलाय, एवढं मला पुरतं.

आता फीचं. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 50 हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. हे फॉर्म वेळेत भरा, दाखले उन्हाळ्यातच काढून ठेवा. मोठी मदत आहे.

पण आमच्या मुली अडतात त्या निकाल आणि पहिला पगार यांच्या मधल्या चार महिन्यांत. मुलगा असेल तर पुण्याला मित्राच्या खोलीवर चटई टाकतो, मेसचा एक डबा दोघांत खातो, मुलाखती देत फिरतो. मुलीसाठी पीजीचं डिपॉझिट हवं, दर महिन्याचं भाडं हवं, आणि त्याआधी घरातला एकच प्रश्न: "पोर एकली तठे कशी ऱ्हाई?" उत्तर मिळेपर्यंत दिवाळी येते. दिवाळीनंतर स्थळ येतं.

माझी मावसबहीण चिंचवडला नर्स होती. तिच्या खोलीत मी चार महिने राहिले, तिने एक रुपया घेतला नाही. माझ्या नोकरीचं श्रेय कॉलेजइतकंच त्या खोलीला आहे. पुढे मुलगी झाली तेव्हा 2017 च्या सुधारित कायद्यामुळे 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली, पण परतले तर माझा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेलेला. "सध्या सपोर्ट बघा" म्हणाले, म्हणजे नवीन काही न करता चालू सॉफ्टवेअरच्या तक्रारी निस्तरा. ते सध्या दीड वर्ष चाललं. तेव्हाही फोनवर रोज धीर द्यायला तीच होती. अशी एक बाई प्रत्येकीला मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मी आणि माझ्या मैत्रिणीने वाकडला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. चार पलंग. पहिला पगार होईपर्यंत भाडं नाही, झाला की पुढच्या मुलीचा एक महिना तिने भरायचा. आजवर पाच जणी राहून गेल्या, पाचही जणी नोकरीत आहेत.

वडिलांना मी समजावत बसत नाही, खोली दाखवायला नेते. त्या कापूसवाल्या मुलीच्या वडिलांनाही नेलं. त्यांनी दाराची कडी तीनदा लावून पाहिली, गच्चीवर जाऊन टाकी पाहिली, खालच्या मावशींना त्यांचं गाव विचारलं. माझ्याशी फारसं बोलले नाहीत. निघताना पिशवीतून नवंकोरं कुलूप काढलं, चाळीसगावातून घेऊन आले होते. दाराला लावून, ओढून पाहिलं. आणि दोन्ही किल्ल्या लेकीच्या हातात दिल्या.