‘द एट्थ सेन्स’ आणि जे-वॉनचा अपराधभाव

कोरियन बीएल मालिका, म्हणजे दोन पुरुषांमधील प्रेमाच्या मालिका, मी बऱ्याच पाहिल्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींची कथा आठवडाभरानंतर मला सांगता येणार नाही. एक अबोल तरुण, एक बोलका तरुण, महाविद्यालय किंवा कार्यालय, एखादा गैरसमज, पाऊस आणि एकच छत्री, एवढ्या सामग्रीवर हा प्रकार वर्षानुवर्षे सुखाने चालला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही, कारण दमून घरी आल्यावर तेवढेच पुरेसे असते. ‘द एट्थ सेन्स’ ही २०२३ मधील मालिका वरवर पाहता याच सामग्रीची आहे. तरीही तिच्याविषयी स्वतंत्रपणे लिहावेसे वाटते, कारण या प्रकारातील सर्वांत लाडकी समजूत तिने नाकारली आहे. आपल्यावर जिवापाड प्रेम करणारे माणूस भेटले की मनाचे दुखणे आपोआप बरे होते, ही ती समजूत.

मालिका दहा भागांची आहे आणि २९ मार्च ते २६ एप्रिल २०२३ या काळात दर आठवड्याला दोन भाग याप्रमाणे ती प्रदर्शित झाली. लेखन आणि दिग्दर्शन बेक इन-वू व मूळचे दक्षिण आफ्रिकेचे असलेले वर्नर द्यु प्लेसी या दोघांनी मिळून केले आहे. दोन नायकांपैकी जे-वॉनची भूमिका इम जी-सब यांनी, तर जी-ह्यूनची भूमिका ओ जुन-थेक यांनी केली आहे. दोघेही तेव्हा प्रेक्षकांना जवळजवळ अपरिचित होते. कोरियात नाव झालेले नट अशा भूमिका सहसा टाळत आले आहेत, त्यामुळे या मालिका बहुधा नवोदितांच्याच वाट्याला येतात. येथे मात्र त्या अपरिचितपणाचा फायदाच झाला आहे, कारण दोघे अभिनय करत आहेत असे वाटतच नाही. वाक्य अर्धवट सोडणे, एकाच वेळी दोघांनी बोलायला लागणे, उगाच हसू फुटणे आणि मग त्या हसण्याचीच लाज वाटणे, हे सगळे संकलनात कापून न टाकता तसेच ठेवले आहे.

जी-ह्यून लहान गावातून सोलच्या विद्यापीठात आलेला आहे. त्याला शहराचे वळण ठाऊक नाही, खर्चासाठी तो एका खानावळीत काम करतो आणि तिची मालकीण त्याला मायेने वागवते. जे-वॉन सुखवस्तू घरातला, दिसायला राजबिंडा, सर्फिंग क्लबात सर्वांना हवाहवासा वाटणारा, आणि नुकताच सैन्यातून परतलेला आहे. तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, ही गोष्ट मात्र त्याच्या मित्रमंडळींच्या गावीही नाही.

सैन्यातून परतणे म्हणजे काय, हे कोरियन प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही, आपल्याला मात्र थोडे समजून घ्यावे लागते. तेथे धडधाकट पुरुषाला सक्तीची लष्करी सेवा करावी लागते आणि भूदलात ती सध्या अठरा महिन्यांची आहे. बहुतेक मुले शिक्षण मध्येच थांबवून ती उरकतात आणि परत वर्गात येऊन बसतात. अशा परतलेल्या विद्यार्थ्याला तिकडे ‘बोखाकसेंग’ म्हणतात. तो परततो तेव्हा बरोबरीच्या मुली पुढच्या वर्गात गेलेल्या असतात, भोवती नव्या मुलांचा घोळका असतो, आणि वयाने मोठा म्हणून त्याने आपोआप खंबीर, समजूतदार व हसतमुख असावे अशी सर्वांची अपेक्षा असते. वयाची ही उतरंड किती बारीक असते, ते मद्यपानाच्या बैठकीत दिसते. धाकट्याने थोरल्याचा पेला दोन्ही हातांनी भरायचा आणि स्वतः पिताना तोंड बाजूला वळवायचे. क्लबाच्या बाहेरगावच्या सहलींना तेथे ‘एम-टी’ म्हणतात आणि अशा सहलीत हीच उतरंड कधी प्रेमळ, तर कधी निव्वळ दादागिरीची होते. मालिकेतील एक वरिष्ठ विद्यार्थी या दुसऱ्या जातीचा आहे आणि तो पडद्यावर आला की अंग आक्रसते.

या वातावरणात जे-वॉनच्या उपचारांचे प्रसंग येतात. चारचौघांत तो जो चेहरा वागवतो, तो खोलीचे दार बंद झाल्यावर उतरतो, आणि उतरल्यावर त्याच्या जागी दुसरा कोणताही चेहरा येत नाही. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटली. तो रडत नाही, आरडाओरडा करत नाही, शांतपणे नेटकी उत्तरे देतो, आणि हा नेटकेपणाच त्याचा आजार आहे हे समोर बसलेल्या स्त्री-डॉक्टरच्या आणि प्रेक्षकाच्या जवळजवळ एकाच वेळी ध्यानात येते. इतरांना काय हवे आहे हे त्याला अचूक सांगता येते. स्वतःला काय हवे आहे, या प्रश्नापाशी मात्र तो थबकतो.

कोरियात या खोलीपर्यंत पोहोचणे सोपे नाही. मानसिक आजारांच्या नोंदी वैद्यकीय वर्गीकरणात ‘एफ’ या अक्षराखाली येतात आणि आपल्या नावापुढे ‘एफ-कोड’ लागला तर नोकरी व विमा यांत अडथळे येतील, ही धास्ती तेथील तरुणांत सर्रास आढळते. दुसरीकडे ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेतील देशांत आत्महत्येचे प्रमाण दक्षिण कोरियात सर्वाधिक आहे आणि विशीतिशीतील लोकांच्या मृत्यूचे ते पहिले कारण आहे. अशा देशातील एखाद्या प्रेमकथेचा देखणा नायक नियमितपणे उपचारांना जातो आणि त्याबद्दल कथा त्याची कीवही करत नाही, कौतुकही करत नाही, ही मला मोठी गोष्ट वाटते.

मालिकेच्या नावातील आठवी संवेदना हा काही निव्वळ काव्यात्म शब्दप्रयोग नाही. पाच ज्ञानेंद्रियांच्या संवेदनांपुढे तोलाची संवेदना आणि अवयवांच्या स्थितीचे भान ही दोन धरली, तर आठवी येते ती शरीराच्या आतल्या हालचालींची: हृदयाची धडधड, श्वासाची लय, भूक, पोटात पडणारा खड्डा. शरीरातून येणाऱ्या या आतल्या संकेतांना त्यांचे शास्त्रीय नाव इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांच्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाले. आपल्याला भीती वाटते आहे की आनंद होतो आहे, हे ओळखण्यात या आतल्या संकेतांचा मोठा वाटा असतो, आणि नैराश्यात व चिंतेच्या विकारांत ते नीट वाचता येत नाहीत असे अभ्यासक मानतात. जे-वॉनचे दुखणे याच भाषेत मांडता येईल. त्याला आतून येणारा निरोपच लागत नाही.

दिग्दर्शकांनी हे संवादांतून सांगण्याऐवजी ध्वनी आणि संकलन यांवर सोपवले आहे. समुद्रावरच्या सहलीत दोघे जवळ येतात, तो सारा भाग या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. लाटांचा आवाज संभाषणावर चढतो, एखादा क्षण पूर्ण होण्याआधी तुटतो, आधी दिसलेली चौकट पुन्हा वेगळ्या जागी येते, आणि काळाचा क्रम असा काही विस्कटतो की आपण घटना पाहत आहोत की कोणाची आठवण, याचा क्षणभर पत्ता लागत नाही. काही प्रेक्षकांना ही पद्धत उगाच कलात्मक वाटेल आणि दोन-तीन ठिकाणी ती आहेही. पण सुन्न झालेल्या माणसाला पुन्हा जाणवू लागते तेव्हा ते सलग जाणवत नाही, तुकड्यातुकड्यांनी जाणवते, आणि तो अनुभव सरळ रेषेतल्या कथनातून पोहोचला असता असे मला वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. जे-वॉनचा भाऊ लहानपणी अपघातात गेलेला आहे आणि त्या मृत्यूला आपण जबाबदार आहोत, ही भावना त्याच्या मनात इतकी मुरली आहे की तिला वेगळे नाव देण्याचीही गरज त्याला वाटत नाही. घरातले वातावरण ती भावना पुसण्याऐवजी पक्की करते. अशा मुलाच्या आयुष्यात जी-ह्यून येतो, वयाने धाकटा, शहराला बिचकणारा, विश्वास टाकणारा. प्रेमात पडताना जे-वॉनचे मन नकळत एक जुनी जागाही भरून काढत असते, आणि प्रेक्षक म्हणून आपणही तो दिलासा मान्य करून टाकतो. आणि मग जी-ह्यूनला समुद्रात अपघात होतो.

नेहमीच्या मालिकेत येथे काय झाले असते, ते सांगायला ज्योतिषी नको. रुग्णालय, रात्रभर उशाशी बसणे, शुद्धीवर येताच अश्रू, आणि नाते आणखी घट्ट. ‘द एट्थ सेन्स’मध्ये जे-वॉन उलट दिशेने कोसळतो. ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्याला आपल्यामुळे इजा होते, हा त्याने आयुष्यभर जपलेला निष्कर्ष त्याच्या दृष्टीने आता सिद्ध झालेला असतो. तो जी-ह्यूनला दूर लोटतो, आणि हे करताना आपण त्याला वाचवत आहोत असे त्याला खरोखर वाटत असते. समाज काय म्हणेल याच्या भीतीने झालेली ताटातूट आपण अशा कथांत पुष्कळ पाहिली आहे. येथे दार आतून लावलेले आहे. अपराधभावाला पुराव्यांची चटक असते, हे इतक्या स्वच्छपणे मांडलेले मी कोरियन प्रेमकथांत फारसे पाहिलेले नाही.

जी-ह्यूनच्या बाजूने पाहिले की ही कथा आणखी कडू होते. त्याच्या शरीराला झालेली जखम भरून येण्यासारखी आहे. पण त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याला न विचारता घेतलेला निर्णय त्याला जास्त लागतो, आणि तो राग मालिकेने मवाळ केलेला नाही. आरंभी जो मुलगा प्रत्येक वाक्याच्या आधी चाचरत होता, तो पुढे स्वतःचे म्हणणे ठामपणे मांडू लागतो. आजारी माणसावर प्रेम करणाऱ्याने अमर्याद समजून घ्यावे, असा एक अलिखित नियम अशा कथांत असतो. ओ जुन-थेक यांनी जी-ह्यूनला त्या नियमातून सोडवले आहे, आणि माझ्या मते मालिकेतील सर्वांत अवघड काम त्यांचेच होते, जरी कौतुकाचा मोठा वाटा इम जी-सब यांच्या पदरात पडला.

प्रेमाचे माणूस मिळाले की मन आपोआप बरे होते, ही समजूत काही कोरियापुरती नाही. आपल्याकडेही मुलगा गप्प गप्प राहू लागला की ‘लग्न करून टाका, आपोआप ठीक होईल’ असे सांगणारा एखादा काका प्रत्येक घरात असतो, आणि त्या उपचारात आणखी एक जीव भरडला जातो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. असो.

दोष आहेत. जे-वॉनची पूर्वीची मैत्रीण उन-जी ही व्यक्तिरेखा इतकी एकसुरी झाली आहे की ती येताच मालिकेची पातळी घसरते. बाकी सर्वांना मन आहे, हिला मात्र फक्त कारस्थान. बीएल प्रकारातील स्त्रियांवर हा अन्याय जुनाच आहे. खानावळीची मालकीण आणि क्लबातील युन-वॉन या दोघी इतक्या जिवंत लिहिणाऱ्यांनी उन-जीलाही थोडे अंतरंग द्यायला हरकत नव्हती.

दुसरी गोष्ट दोष म्हणावी की मर्यादा, हे मला ठरवता येत नाही. मालिकेच्या बाहेर कायद्याचे एक जग आहे आणि ते आत फारसे शिरत नाही. जे-वॉन ज्या सैन्यातून आला, तेथे लष्करी फौजदारी कायद्याच्या कलम ९२-६ नुसार पुरुषांमधील लैंगिक संबंधांना दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. छावणीबाहेर, परस्परसंमतीने व खासगीत झालेल्या संबंधांना हे कलम लावता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये म्हटले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते कलम वैध ठरवले. समलिंगी विवाहाला मान्यता नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोग्यविम्यापुरता जोडीदाराचा हक्क मान्य केला, ही त्यातल्या त्यात पुढची पायरी. हे सगळे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला जे-वॉनच्या सैन्यातील महिन्यांविषयी आणखी ऐकायचे असते, आणि त्याबाबत मालिका बरीचशी मौन बाळगते. तरीही मी तिला झुकते माप देईन. बाहेरचा शत्रू मोठा केला असता, तर जे-वॉनला त्याच्या आड लपणे सोपे गेले असते.

शेवटी मध्ये बराच काळ जातो, उपचार चालू राहतात आणि दोघे पुन्हा एकत्र येतात. हा सुखान्त मला पटतो, पण त्याची गती पटत नाही. कोसळण्याला जेवढा वेळ दिला, त्याच्या निम्म्यानेही सावरण्याला दिलेला नाही. महिनोन्महिने त्या खोलीत येऊन बसणे, एखाद्या आठवड्यात काहीही न सुचणे, पुन्हा मागे घसरणे, हा या कथेतील सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत खरा भाग होता. दिग्दर्शकांपाशी दहाऐवजी अकरा भाग असते, तर तो अकरावा भाग मी पूर्णपणे जे-वॉन आणि त्याच्या डॉक्टरच्या नावे लिहून दिला असता.