मजलिस बंद, रस्ते चालू

परवा मामाचा फोन आला, इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "काय रे, तुमच्या कुवेतची संसद अजून बंदच का? या अरबांना लोकशाही झेपतच नाही बघ." मला जो राग आला म्हणून सांगू! खरं तर माझं काय जातंय, मला इथे मत नाही, कधी मिळणारही नाही, आणि पुण्यातलं मत द्यायचं तर तिकीट काढून स्वतः जायला लागतं. पण बाहेरच्यांनी कुवेतला नावं ठेवली की हल्ली मला झोंबतं.

१० मे २०२४, शुक्रवार. अमीर (म्हणजे इथले राजे) शेख मिशाल टीव्हीवर आले आणि मजलिस, म्हणजे इथली संसद, बरखास्त, राज्यघटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित असं सांगून मोकळे झाले. ५० खासदार एप्रिलमध्येच निवडून आलेले, एकदाही सभागृहात बसलेले नाहीत. सोमवारी १३ तारखेला पुण्यात लोकसभेचं मतदान, फॅमिली ग्रुपवर शाईच्या बोटांचे फोटो पडतायत आणि शेजारच्या टेबलवरचा कुवेती मला सांगतोय, बरं झालं, आता रस्ते तरी होतील!

रस्त्यांचं त्याचं खरं होतं. २०१८ च्या पावसानंतर डांबर असं काही सुटलं की पुढच्या गाडीच्या चाकाखालची खडी उडून काच फुटायची, माझीपण फुटलीये. पण मजलिसमुळे रस्ते अडले हे मला अर्धवट वाटतं. इथे राजकीय पक्षांना परवानगी नाही, प्रत्येक खासदार सुटा. पंतप्रधान अमीर नेमणार, तोही राजघराण्यातलाच. मंत्रीही मजलिसमध्ये मत देणार. म्हणजे ज्यांना लोकांनी निवडलं ते सरकार बनवू शकत नाहीत, फक्त मंत्र्याला उभं करून फैलावर घेऊ शकतात (इथल्या इंग्रजी पेपरात ग्रिलिंग म्हणतात) आणि कायदे अडवू शकतात. एखाद्याच्या हातात नुसता ब्रेक दिला तर तो ब्रेकच दाबणार ना! मग मजलिस बरखास्त, परत निवडणूक, मध्येच कोर्ट २०२२ ची निवडणूक रद्द करणार. २०२० च्या डिसेंबरपासून २०२४ च्या एप्रिलपर्यंत चार निवडणुका झाल्या, माणूस कंटाळणारच.

आणि झेपत नाही म्हणणाऱ्या मामाला एकदा दिवाणियात नेऊन बसवलं पाहिजे. घरालाच लागून मोठी खोली, भिंतीकडेने बैठका, गहवा (अरबी कॉफी) आणि चहा फिरतोय, ओळखीतला कोणीही येऊन बसतो. ऑफिसातल्या साहेबांबरोबर मी गेलो होतो तेव्हा एक खासदार आलेला, आणि एक म्हातारे गृहस्थ त्याला सगळ्यांदेखत झापत होते, अर्धंच मला कळलं पण तो मान खाली घालून ऐकत होता. आपल्याकडे निवडून आलेल्या आमदाराला असं गाठून दाखवा! बायका तिथे जवळजवळ नसतात हे आहे, मतदानाचा हक्कसुद्धा त्यांना २००५ मध्ये मिळाला. पण १९८६ मध्ये मजलिस बंद केली तेव्हा ती परत मागणारी चळवळ या बैठकांमधूनच उभी राहिली, १९८९-९० मध्ये दर सोमवारी कुठल्या ना कुठल्या दिवाणियात माणसं जमायची आणि पोलीस हुसकवायचे. सद्दामचं आक्रमण होऊन गेल्यावर १९९२ ला निवडणूक झालीच. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये लोक थेट सभागृहात घुसले आणि त्याच महिन्यात पंतप्रधान गेले. तेव्हा सीरियात, लिबियात काय चाललं होतं आठवा.

आता आमची भारतीयांची गोष्ट, जी इथे कोणी मोठ्याने बोलत नाही. मजलिस गेली तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना हायसं वाटलं, मलाही. घरी पाठवलेल्या पैशांवर टॅक्स लावा, परदेशी कमी करा, हे सगळं तिथूनच यायचं. २०२० मध्ये भारतीयांचं प्रमाण १५ टक्क्यांवर आणायचं विधेयक आलं तेव्हा आठ लाख लोक परत जाणार म्हणून आईचे रोज फोन. निवडून आलेला माणूस मतदारांना खूश करणार, आम्ही मतदार नाही, त्यात त्याचं काही चुकलं असंही नाही. राजाला मतं मागायची नसतात, तेवढंच आमच्या पथ्यावर.

पण मग नागरिकत्व काढून घेणं सुरू झालं. हजारो लोक, त्यात कुवेतींशी लग्न करून इथल्या झालेल्या कितीतरी बायका, वर्षानुवर्षं इथे संसार केलेल्या. मजलिस असती तर कोणीतरी मंत्र्याला उभं केलं असतं. तो रस्त्यांवर खूश असलेला शेजारी या विषयावर गप्प असतो, मीही विचारत नाही. मजलिसमध्ये रखडलेला, सरकारला कर्ज काढू देणारा कायदा २०२५ मध्ये फर्मानाने झाला, रस्त्यांची कामं चालू आहेत, आमच्या भागातला तर गुळगुळीत झालाय.

तुम्ही म्हणाल एवढं खुपतंय तर ये परत. लेकाची बारावी आहे, फ्लॅटचे हप्ते आहेत, आणि तिकडे येऊनही मी दर पाच वर्षांनी बोटाला शाई लावण्यापलीकडे काय दिवे लावणार होतो. तर मामा, तू हे वाचशीलच, पण कुवेतवाल्या मंडळींच्या ग्रुपवर फॉरवर्ड करू नकोस, माझा रेसिडन्सी रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे.