विजयाच्या दुसऱ्या सकाळी मुसोलिनी

इंदूरला भंवरकुआच्या एका क्लासमध्ये मी पीएससीच्या मुलांना जगाचा इतिहास शिकवतो. ३० जून २०२४, रविवार. आदल्या रात्री भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेला, त्यामुळे अर्धी बॅच राजवाड्याच्या चौकात नाचून आलेली. घसे बसलेले, काहींच्या अंगात अजून निळी जर्सी. आणि वेळापत्रकात नेमका इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी!

त्याने सत्ता मिळवली ती रोमवरची चाल ऐकायला कोणी जागं राहीना, म्हणून १९३४ काढलं. फुटबॉलचा विश्वचषक इटलीत, अंतिम सामना रोममध्ये, मुसोलिनी स्वतः हजर. इटलीने चेकोस्लोव्हाकियाला २-१ हरवलं. चार वर्षांनी पॅरिसमध्ये फ्रान्ससमोर इटलीचा संघ फॅसिस्टांच्या काळ्या रंगात उतरला. मुलं सरसावून बसली.

तिथून अर्जेंटिनातल्या १९७८च्या विश्वचषकावर गेलो. अभ्यासक्रमात नाही ते, पण अशा सकाळी अभ्यासक्रम कोण बघतो? लष्कराने १९७६मध्ये सत्ता बळकावून हजारो माणसं गायब केलेली. ब्वेनोस आयरेसमध्ये नौदलाच्या ज्या शाळेत कैद्यांचा छळ चाले, ती अंतिम सामन्याच्या स्टेडियमपासून चालत जाण्याइतकी जवळ. प्रेक्षकांचा गलका कैद्यांना ऐकू येई. २५ जूनला नेदरलँड्सवर ३-१ विजय मिळाला, चषक द्यायला लष्करी राजवटीचा प्रमुख जनरल व्हिडेला. त्या रात्री काही कैद्यांना गाडीत घालून मुद्दाम जल्लोष दाखवायला नेलं. त्यांतल्या ग्रासिएला दालेओने गाडीच्या छतातून डोकं बाहेर काढून गर्दी पाहिली. ‘मी गायब केलेल्यांपैकी आहे’ असं ओरडले तरी कोणी लक्ष देणार नाही, हे तिला उमगलं. पुढे तिनेच हे सांगितलं.

तास संपल्यावर बॅचमधली एक मराठी मुलगी थांबली.

“सर, मग ते नाचणारे लोक वाईट होते का?”

“नाही गं. आनंद खरा होता, म्हणून तर जनरलांना तो हवा होता. खोटा काय, हुकूम सोडूनही मिळाला असता.”

“फायदा झाला त्यांना?”

“थोडे दिवस. १९८२मध्ये फॉकलंडचं युद्ध हरले, १९८३मध्ये निवडणूक घ्यावी लागली. तेव्हा चषक कामाला आला नाही.”

“मीपण काल राजवाड्यावर होते,” ती जरा चाचरत म्हणाली.

“मग? मीही होतो, सराफ्याच्या तोंडाशी.”

ती हसली. लगेच वही उघडून म्हणाली, “मेन्सच्या उत्तरात लिहू का हे?”

“लिही. त्याच स्पर्धेतला अर्जेंटिनाचा पेरूवरचा ६-० विजय मात्र नको. अंतिम फेरीसाठी चार गोलांचा फरक हवा होता, सहाचा मिळाला, म्हणून लोक अजून संशय घेतात. पण सिद्ध काही झालेलं नाही. परीक्षक गुण कापेल.”